माणदेशात दोन दिवस: ‘बनगरवाडी’च्या माळावर

लेंगरवाडीच्या वाटेवर चालत निघालो तेव्हा नुकतं कुठं उजाडलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी जिच्यावर बेतली, ती आटपाडी तालुक्यातली ही वाडी. समोर नुसता माळ, कुसळं, एखाददुसरी बाभळ. लांबवर काळा ठिपका दिसला. जरा वेळानं त्याचं घोंगडं दिसलं, मग काठी, मग मागची मेंढरं. चेहरा दिसायच्या कितीतरी आधी त्या म्हाताऱ्याची चाल माझ्या ओळखीची झाली होती. जवळ आल्यावर तो म्हणाला, “कुठलं पाव्हणं?”

माडगूळकरांची माणसं अशीच येतात. आधी आकृती, मग चालणं, बोलणं सगळ्यात शेवटी. ते चित्रंही काढत, त्याचा भाग आहेच. पण ज्या मुलखात नजर अडवायला झाडच नाही, तिथं वाढलेला पोरगा माणसाला असाच लांबून बघत बघत मोठा होणार. त्यांच्या लिखाणात विशेषणं इतकी थोडी का, हे पुण्यात घरी बसून वाचताना मला कधी उमगलं नव्हतं.

एका बांधावर बसून कादंबरीतलं शेकूचं पान काढलं. एकच बैल, म्हणून त्याची बायको दुसऱ्या बाजूनं जुवाला खांदा लावते. शेजारची माती मूठभर उचलली, तर निम्मे खडेच, तळहाताला टोचले. या असल्या रानात ती बाई ओढत होती. पुढं तेच पान वाचवेना.

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. दुष्काळानं वाडी उठून जाते तो शेवट ज्यांनी वाचलाय, त्यांना हे हिरवं बघून फार बरं वाटेल.

जाणाऱ्यांनी मुक्काम आटपाडीत करावा. माडगूळ हे माडगूळकरांचं जन्मगाव तिथून जवळ. वाड्यावस्त्यांवर फिरायला स्वतःची दुचाकी हवी. एसटीच्या भरवशावर दिवस जातो. पाणी भरपूर घ्या, डोक्याला काहीतरी बांधा. श्रावण-भाद्रपदात जा. दिवाळीनंतर बरेच धनगर चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन बाहेर पडतात, मग माळ ओका वाटतो. फोटो काढण्याआधी राम राम घाला, दोन शब्द बोला. स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत बघायची तर आधी परवानगी काढा, शेवटी तो तुरुंगच आहे.

परतताना वाट वाकडी करून औंधला जाच. कादंबरीत तालमीसाठी वाडीत राजा येतो, आठवतंय ना? हा सगळा भाग औंध संस्थानातलाच. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी जमवलेली चित्रं तिथल्या संग्रहालयात आहेत, त्याला निदान दोन तास ठेवा.