५ नोव्हेंबर, आन्सेई काळ आणि हिरो गावचा बांध

५ नोव्हेंबरला जागतिक त्सुनामी जागृती दिन असतो. कोकणातल्या काही गावांत त्या निमित्ताने भोंगा वाजतो, पोरं पाखाडी चढून सड्यावर जातात आणि फोटो निघतात. तारीख संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवली, जपानच्या आन्सेई नान्काई भूकंपावरून. गंमत अशी, की तो भूकंप ना ५ नोव्हेंबरला झाला, ना आन्सेई हे कालनाम (वर्षं मोजायचं दरबारी नाव) लागू असताना.

इंग्रजी तारखेने तो दिवस २४ डिसेंबर १८५४. तेव्हा जपानात चांद्र-सौर पंचांग होतं, आपल्यासारखंच अमावास्येला महिना संपवणारं आणि अधिक मास घेणारं. त्यातल्या अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणून ‘५ नोव्हेंबर’. दर्यावर्दी माणसाला एवढ्यावरूनच कळेल, की उधाण सरून पाणी भांगाकडे चाललं होतं. लाट भरतीची नव्हती.

दरबार कालनाम जाहीर करायचा आणि मोठं संकट आलं की बदलायचा. १८५३ ला अमेरिकेची काळी जहाजं आली, १८५४ ला क्योतोचा राजवाडा जळला, वर्षाअखेर भूकंप झाले. मग अकराव्या महिन्याच्या २७ व्या दिवशी काएई जाऊन आन्सेई आलं. म्हणजे भूकंप काएईच्या सातव्या वर्षातले, पण नवं नाव वर्षाच्या आरंभापासून धरण्याची पद्धत असल्याने ते आन्सेईच्या पहिल्या वर्षात पडले. इंग्रजी वर्ष काढायला आन्सेईच्या आकड्यात १८५३ मिळवा. शेवटच्या महिन्यांत मात्र हे चुकतं, कारण ते पुढच्या इंग्रजी वर्षात सरकतात. नाव बदललं तो दिवसच मुळी १५ जानेवारी १८५५ होता.

नाव बदलून फरक पडला नाही. नोव्हेंबर १८५५ ला एदो (आजचं टोकियो) शहर हादरलं, १८५८ ला कॉलरा आला. त्याच वर्षी पाच देशांशी व्यापारी तह झाले आणि पुढच्या वर्षी सोन्याला गळती लागली. तहाप्रमाणे नाण्याला समान वजनाचं नाणं मिळे, म्हणून ४ मेक्सिकन डॉलरना १२ चांदीची ‘बू’ नाणी. ४ बूंना १ सोन्याचं कोबान, म्हणजे ३ कोबान. ती शांघायला विकली की हाती सुमारे १२ डॉलर! जपानात सोनं चांदीच्या पाचपट भावाचं होतं, बाहेर पंधरापट. शेवटी १८६० ला कोबानमधलं सोनं तिसऱ्या हिश्श्यावर आणावं लागलं. तह करणारा शोगुनचा मुख्य मंत्री ई नाओसुके विरोधकांना तुरुंगात टाकत आणि देहदंड देत होता. मार्च १८६० ला किल्ल्याच्या दाराशी, पडत्या बर्फात त्याचा खून झाला आणि पंधरवड्यात आन्सेई संपलं.

आपल्या कामाचा भाग जपानच्या वाकायामा किनाऱ्यावरच्या हिरो गावचा. २३ डिसेंबरला सकाळी पहिला भूकंप झाला, लोक देवळाच्या टेकाडावर गेले. रात्रभरात काही झालं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी घरी परतले. विहिरींचं पाणी खाली गेल्याचं सांगत काही जण आले. दुपारी चारच्या सुमारास दुसरा, अधिक घातक धक्का बसला. प्रचलित गोष्टीत डोंगरावरचा म्हातारा समुद्र हटलेला पाहून स्वतःचं पीक पेटवतो. ज्याच्यावरून ती गोष्ट रचली तो खरा हामागुची गोर्यो तेव्हा चौतिशीतला, सोया सॉसच्या व्यापारी घराण्यातला, आणि तो खाली गावात होता. लाट आल्यावर अंधार पडला, वाट सापडेना, म्हणून त्याने पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या. जाळ दिशा दाखवायला होता. त्यानंतरची लाट आणखी मोठी आली.

पुढची चार वर्षं त्याने बांध घातला: सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच, तळाशी २० मीटर रुंद. पुढे जुनी दगडी भिंत, मध्ये पाइनची झाडं, मागे मातीचा बांध. मजुरी गावकऱ्यांनाच रोजच्या रोज, म्हणजे गाव सोडून कोणी जाऊ नये. आपल्याकडचे धूपप्रतिबंधक बंधारे दगड टाकून होतात आणि मागे सुरूची रांग असते, पण तो रोजच्या लाटांचा उपाय आहे, त्सुनामीचा नव्हे. हिरोच्या बांधाने १९४६ च्या त्सुनामीत आतलं गाव राखलं. बांध जिथे संपतो तिथल्या सखल भागात मात्र पाणी शिरलं. खाडीकाठच्या वाड्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण बंधारा पुळणीपुढे असतो आणि खाडीचं तोंड उघडंच.

आणखी एक. ‘जमीन हलली की पळा’ हे हिरोला लागू पडतं, कारण तिथे भूकंप दारातच होता. आपल्याला धोका पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याचा. २८ नोव्हेंबर १९४५ ला भूकंप पहाटे झाला, तिकडे लांब, आणि मुंबईत लाट सकाळी आठच्या पुढे आली. इथल्या माणसाला धक्का जाणवेलच असं नाही. म्हणून तालमीची सुरुवात हादऱ्याने न करता हैदराबादच्या त्सुनामी केंद्राचा इशारा गावात कोणाकडे येतो, भोंगा वीज गेल्यावर वाजतो का, आणि समुद्रात गेलेल्या होड्यांना कोण कळवणार, इथून करावी. आणि पहिल्या लाटेनंतर जाळी बघायला कोणी खाली उतरायचं नाही. होड्या तर बंदराकडे वळवायच्याच नाहीत, खोल पाण्यात थांबवायच्या.