आजोबांची तीन नावं

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या रविवारच्या आधीचा तो शुक्रवार होता. पॅसिफिक बेटांच्या रग्बी लीग संघांची कागदपत्रं बघणाऱ्याला हा शुक्रवार कॅलेंडरवर ठळक करून ठेवावा लागतो. सामोआत तो रविवार 'व्हाइट संडे', म्हणजे मुलांचा सण, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी सार्वजनिक सुट्टी. राजधानी अपियातलं जन्मनोंदणीचं कार्यालय शुक्रवारी पाचला बंद झालं की थेट मंगळवारी उघडतं. आमची, म्हणजे सामोआ संघाच्या खेळाडूंची, यादी सोमवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती. त्यात सिडनीचं घड्याळ अपियाच्या दोन तास मागे, म्हणजे माझ्या हातात दुपारी तीनपर्यंतचाच वेळ.

सकाळी साडेसातला तक्ता उघडला. चोवीस नावांपैकी तेवीस हिरवी, एक लाल. हा मुलगा वीस वर्षांचा, वजन एकशे आठ किलो, आघाडीच्या फळीतला. जन्म ऑकलंडचा, वाढला सिडनीच्या पश्चिम भागात. त्याची आईही ऑकलंडलाच जन्मलेली. सामोआशी त्याचं नातं आईच्या वडिलांकडून, आणि तो दुवा कागदावर जुळत नव्हता.

रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची रग्बी; पंधरा जणांची ती युनियन. लीगमध्ये एखाद्या देशाकडून खेळण्याच्या वाटा चार: तुम्ही तिथे जन्मलात, आई-वडिलांपैकी कुणी जन्मलं, आजी-आजोबांपैकी कुणी जन्मलं, किंवा तुम्ही तिथे सलग पाच वर्षं राहिलात. पासपोर्टाने काम भागत नाही. पासपोर्ट नागरिकत्व सांगतो, आजोबा कोणत्या गावात जन्मले ते सांगत नाही. म्हणून आजोबांच्या नात्याने खेळणाऱ्याला तीन जन्मदाखल्यांची साखळी लागते. खेळाडूच्या दाखल्यावर आईचं नाव, आईच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव, आणि वडिलांच्या दाखल्यावर जन्मगाव. दाखला पूर्ण हवा. पालकांची नावं नसलेला छोटा उतारा परत पाठवावा लागतो, आणि दर हंगामात तीन-चार जण नेमका तोच घेऊन येतात.

घरात कुणाची जात पडताळणीची फाइल ज्यांनी केली आहे, त्यांना हे काम समजावून सांगायला नको. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरचं आडनाव, वडिलांच्या दाखल्यावरचं वेगळंच आडनाव आणि मधे वंशावळ. इथे शाळेच्या दाखल्याच्या जागी जन्मनोंद आहे, एवढाच फरक.

हे इतकं काटेकोर करावं लागण्याचं कारण गेल्या काही वर्षांतलं आहे. न्यूझीलंडकडून खेळलेला जेसन टाउमालोलो २०१७ च्या विश्वचषकाआधी टोंगाकडे गेला, अँड्र्यू फिफिताने ऑस्ट्रेलियाऐवजी टोंगा निवडलं, आणि हॅमिल्टनला टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं. २०१९ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर त्यांनी ऑस्ट्रेलियालाही १६-१२ ने हरवलं. २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकात सामोआने तर कमाल केली. इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात ६-६० अशी हार खाल्ली, आणि चार आठवड्यांनी उपांत्य फेरीत त्याच इंग्लंडला जादा वेळेत २७-२६ ने बाहेर काढलं. विजयी ड्रॉप गोल स्टीफन क्रायटनचा. क्रायटन स्वतः अपियात जन्मला, त्यामुळे त्याला साखळीची गरजच नाही. पण त्या संघातले जरोम लुआई, ब्रायन टोओ यांच्यासारखे कितीतरी जण सिडनी-ऑकलंडच्या उपनगरांत वाढलेले. जे देश पूर्वी चाळीस-पन्नास गुणांनी हरायचे ते आता जिंकतात, त्यामुळे त्यांच्या फायली आता सगळेच बारकाईने बघतात. कच्ची फाइल पुढे सरकवली तर भोग त्या मुलाच्या वाट्याला येतात, म्हणून मी ती सरकवत नाही.

आता त्या लाल नावाकडे. घरच्यांनी भरलेल्या फॉर्मवर आजोबांचं जे आडनाव होतं त्याला 'ग' म्हणते, कारण खरी नावं इथे देणार नाही. जन्मतारीख ४ जुलै १९४८. अपियातल्या बाईंनी बुधवारी शोधून कळवलं होतं: या नावाची, या तारखेची नोंद नाही. शिवाय आईच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं आडनाव 'ख' होतं. म्हणजे साखळीची दुसरी कडीच तुटलेली.

नाव न जुळणं हे सामोआत नवीन नाही, आणि त्यात लबाडीही नसते. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं. तिथे अनेक घरांत वडिलांचं पहिलं नाव मुलाचं आडनाव होतं, त्यामुळे पिढीगणिक आडनाव बदलतं. त्यावर मताईची पदवी. कुटुंबाने एखाद्याला प्रमुख नेमलं की साओफाईचा विधी होतो आणि त्या दिवसापासून पदवी नावाच्या पुढे लागते. माजी पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांच्या नावातलं 'तुइलाएपा' ही अशीच पदवी. माणूस पन्नाशीत मताई झाला तर त्याचे पुढचे सगळे कागद पदवीच्या नावाने निघतात आणि नातवंडांना तेवढंच नाव माहीत असतं.

उच्चाराचीही भानगड आहे. लिहिताना 'त' असतो तिथे घरगुती बोलण्यात 'क' येतो, 'न' चा 'ङ' होतो. फोनवर ऐकून नाव लिहून घेतलं तर हमखास चुकतं. 'टोओ' मधल्या दोन ओंच्या मधे जो कंठातला थांबा आहे, तो रोमन लिपीत स्वल्पविरामासारख्या खुणेने लिहितात. ही खूण संगणकावर चार वेगवेगळ्या प्रकारे टाइप होते आणि चारही प्रकार शोधयंत्राला वेगळे वाटतात. म्हणून मी नाव कधी ऐकून लिहीत नाही, कागदाचा फोटोच मागवते.

साडेआठला मुलाच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "वडिलांचा एक जुना कागद आहे, कामावरचा. त्यावर तारीख आहे, तीच मी लिहिली." फोटो आला. पागो पागोच्या टुना कारखान्यातलं कामगाराचं कार्ड, कडा झिजलेल्या, नाव 'ख' आडनावाने. जन्मतारीख ०४/०७/१९४८. जन्मस्थळ: सामोआ.

माझ्या पोटात गोळा आला. पागो पागो (उच्चार पांगो पांगो) हे अमेरिकन सामोआत, तुतुइला बेटावर. तो वेगळा प्रदेश, अमेरिकेच्या ताब्यातला. तिथे जन्मलेल्याचा नातू या सामोआकडून आजोबांच्या नात्याने खेळू शकत नाही. कार्डावरचं 'सामोआ' कोणतं? त्या काळी स्वतंत्र सामोआचं अधिकृत नाव 'वेस्टर्न सामोआ' होतं, ते १९९७ मध्ये नुसतं 'सामोआ' झालं. आणि पागो पागोच्या कारखान्यांत स्वतंत्र सामोआतली माणसं पिढ्यान् पिढ्या कामाला जातात, त्यामुळे नुसत्या कार्डावरून जन्मस्थळ ठरवता येत नाही.

पण कार्ड अमेरिकन पद्धतीचं आहे हे लक्षात आलं तेव्हा दुसरी गोष्ट सुचली. अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. मग ०४/०७ म्हणजे ४ जुलै नसेल, ७ एप्रिल असेल. पडताळायचं कसं? आईचा जुना दाखला पुन्हा उघडला. हस्तलिखित नोंदीवरून काढलेल्या अशा जुन्या दाखल्यांवर बाळाच्या जन्माच्या वेळचं आई-वडिलांचं वय असतं, आणि ते वाचायचं बहुतेक जण विसरतात. आईचा जन्म २० मे १९७४. तिच्या वडिलांचं वय लिहिलेलं २६. जन्म ४ जुलै १९४८ चा धरला तर त्या दिवशी ते २५ वर्षांचे. ७ एप्रिल धरला तर २६. त्याच दाखल्यावर त्यांचं जन्मस्थळ 'वेस्टर्न सामोआ' असं लिहिलेलं. हा पुरावा नव्हे, कारण ते नोंद करताना तोंडी सांगितलेलं असतं. पण शोध कुठे घ्यायचा ते त्यावरून ठरलं.

आता नाव. आईच्या थोरल्या भावाला ऑकलंडला फोन केला. त्यांच्याकडे घरचं बायबल होतं. सामोअन घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची पद्धत आहे. त्यांनी पानाचा फोटो पाठवला: फिकट निळी शाई, '७ अपेरिला १९४८', खाली गाव, आणि आजोबांच्या आईचं, म्हणजे खेळाडूच्या पणजीचं पूर्ण नाव. अपेरिला म्हणजे एप्रिल. जुलैला इउलाई म्हणतात, गोंधळाला जागाच नाही. बायबलचं पान यादीसोबत जोडत नाही, कारण ते कधी आणि कुणी लिहिलं हे सिद्ध होत नाही. पण कुठे खणायचं ते त्यातून कळतं.

मामांशी बोलताना तिसरं आडनाव निघालं. पणजोबा स्वतः मताई होते, त्यांची पदवी 'क'. १९४८ मध्ये त्यांच्या मुलाची, म्हणजे या आजोबांची, नोंद झाली ती वडिलांच्या पदवीवरून, 'क' आडनावाने. मुलगा पुढे पागो पागोला आणि तिथून ऑकलंडला गेला तेव्हा त्याने वडिलांचं पहिलं नाव, 'ख', आडनाव म्हणून लावलं. म्हातारपणी त्यांना स्वतःची पदवी मिळाली, ती 'ग'. माणूस एकच, नावं तीन, आणि तिन्ही खरी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी अपियाला नवा अर्ज गेला. त्यात मी चार गोष्टी लिहिल्या: आडनाव 'क', तारीख ७ एप्रिल १९४८, गाव आणि जिल्हा, आणि पणजीचं नाव. गावाबरोबर जिल्हा लिहायलाच हवा. वाइलोआ नावाचं गाव सवाई बेटावरही आहे आणि उपोलूवरही. नुसतं 'वाइलोआ' लिहिलं तर शोधणारा चुकीची वही उघडतो. आईच्या नावाचा फायदा असा की वडिलांचं नाव पदवीने बदललं तरी तिचं नाव बहुतेक वेळा नोंदीत जसंच्या तसं राहतं. नावांचे घोळ सोडवताना मी आता आधी तिचंच नाव धरते.

उत्तराची वाट बघताना जोडकागद गोळा केला. 'क' आणि 'ख' हे एकच, हे दाखवायला आजोबांचा ऑकलंडचा विवाहदाखला कामाला आला. त्यावर नवऱ्याचं आडनाव 'ख', पण त्याच्या आई-वडिलांच्या रकान्यात पणजीचं तेच पूर्ण नाव आणि पणजोबांचं पदवीसकट नाव. 'ग' साठी पदवीच्या नोंदणीचा उतारा घरच्यांनी आधीच आणून ठेवला होता. शिवाय आईचं शपथपत्र: ही तीन नावं एकाच व्यक्तीची, कोणतं कधी वापरलं. शपथपत्र एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण तीन कागदांच्या मधे ठेवलं की वाचणाऱ्याला रस्ता दिसतो. आई एक वाजता जवळच्या वाचनालयात गेली, तिथे जस्टिस ऑफ द पीस (कागद साक्षांकित करायला नेमलेले नागरिक) फुकट सही-शिक्का देतात. मी तिला दोनदा बजावलं: सही त्यांच्या समोर करायची, घरून करून न्यायची नाही; प्रत्येक पानावर शिक्का, क्रमांक आणि तारीख. एका पानाचा शिक्का राहिला म्हणून अख्खी फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

दोन वाजून वीस मिनिटं. अपियातून मेल नाही. फोन केला. त्या बाई म्हणाल्या, "वही काढली आहे, पानं नाजूक आहेत, थांबा." मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. पलीकडे पान उलटल्याचा आवाज, मागे कुणीतरी भजनाचा सराव करत असलेलं, रविवारच्या तयारीचं. मग त्यांनी सावकाश वाचलं. आडनाव 'क'. सात एप्रिल. गाव सवाई बेटावरचं. आईचं नाव अक्षर न् अक्षर तेच. त्यांनी हिज्जे सांगितले, मी ते पुन्हा उलट वाचून दाखवले. पावणेतीनला शिक्क्याच्या दाखल्याचं स्कॅन आलं. मूळ प्रत नंतर सिडनीला येणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती आली.

फाइल रचली. वर एक पानी तक्ता, पिढीवार रकाने: कागदावर आहे तसं नाव, तारीख, ठिकाण, आईचं नाव, वडिलांचं नाव, कागद क्रमांक. त्याखाली एकूण सहा कागद. कारखान्याचं कार्ड जोडलं नाही, कारण त्याची आता गरज नव्हती आणि त्यावरच्या 'सामोआ'ने नसते प्रश्न निघाले असते. पण विचारलं तर दाखवायला ते वेगळ्या पाकिटात ठेवलं आणि तारीख कशी वाचायची त्याची दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवली. चार वाजून पाच मिनिटांनी नाव हिरवं झालं.

संध्याकाळी आई दाखल्याची छापील प्रत घ्यायला आली. वडिलांचा जन्मदाखला तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ ती वडिलांच्या नावाकडे न बघता खाली आजीच्या नावावर बोट ठेवून उभी होती. मग म्हणाली, धाकटा सोळा वर्षांचा आहे, तोही खेळतो. मी तिला सांगितलं, त्याचा फक्त स्वतःचा पूर्ण जन्मदाखला घेऊन या, वरचे पाचही कागद तयार आहेत. त्याच्या नावाने एक नवी फाइल उघडली आणि साक्षांकित प्रतींचा दुसरा संच त्यात लावून ठेवला.