पाऊस आला, आंबा संपला, जाहिराती मात्र चालूच

२२ मे २०२५ ला सकाळी बाबा कलमांत फेरी मारून आले आणि पडवीत बसता बसता म्हणाले, "झाडार आसा तो आंबो आता कॅनिंगक जातलो. गिऱ्हायकांका नाय म्हणान सांग." म्हणजे उरलेला आंबा आता डबाबंद रस करणाऱ्या कारखान्याला जाणार, गिऱ्हाइकांना नाही म्हणून सांग.

आदले दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. आमची हापूसची कलमं देवगड तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाहीत. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हाताशी वेळ असतो, शेवटचा आंबा मे अखेरपर्यंत पेट्यांत भरून जातो. त्या वर्षी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि २० तारखेपासूनच झोडपायला सुरुवात झाली. पावसात भिजलेलं फळ अढीत घातलं की डाग पडतात, फळमाशी लागते, आणि पुण्याला पेटी उघडेपर्यंत निम्मे आंबे देठाकडून काळे झालेले असतात. असा आंबा आमच्या नावाने कोणाच्या घरी जाऊ नये, हे बाबांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलेलं होतं. कॅनिंगला किलोवर भाव मिळतो, तोही पडेल तो. पण निदान फसवणूक होत नाही.

अडचण एवढीच होती की इंटरनेटवरच्या आमच्या जाहिराती ३१ मेपर्यंत लावलेल्या होत्या. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल मिळून दिवसाला साधारण दोन हजार रुपये जात होते. त्यातून रोज तीस-चाळीस जण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचे, "दोन डझन कधी मिळतील?" वाशीला दलालाकडे माल पाठवणं कमी करून थेट घरपोच विक्री सुरू केल्यापासून ही आमची चौथी खेप. जाहिरात सुरू कशी करायची, हे चार वर्षांत चांगलंच कळलं होतं. बंद करायची वेळ अशी घाईत कधी आलीच नव्हती. दर वर्षी शेवटची तारीख यायची आणि सगळं आपोआप थांबायचं.

घरात वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. आमच्याकडे असं झालं की वर सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर जायचं. छत्री घेऊन गेले, गूगल अ‍ॅड्सचं अ‍ॅप उघडलं. हे खातं माझ्या स्वतःच्या जीमेलवर होतं, जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीला मी फक्त त्यांच्या मॅनेजर खात्यातून जोडून घेतलं होतं. दोन कॅम्पेन, म्हणजे जाहिरातींचे दोन संच, चालू होती. दोन्हींवर बोट ठेवून 'पॉज' केलं आणि एका मिनिटात काम झालं.

तिथे एक पर्याय आणखी दिसतो, 'रिमूव्ह'. घाबरलेला माणूस तोच दाबेल, कारण 'काढून टाकलं' म्हटलं की मनाला बरं वाटतं. पण गूगलवर काढून टाकलेलं कॅम्पेन पुन्हा चालू करता येत नाही. त्याचे जुने आकडे दिसत राहतात, पण ते स्वतः परत येत नाही. पॉज केलेलं तसंच्या तसं पडून राहतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या कॅम्पेनमध्ये नको असलेल्या शब्दांची, म्हणजे जे शोधणाऱ्यांना आमची जाहिरात दिसू नये अशांची, एक लांबलचक यादी होती: 'लोणचं कसं करायचं', 'आंबा वडी रेसिपी', 'कलम रोपं विक्री', 'आंबा चित्र'. ती तीन हंगाम रोज रात्री बसून, लोक काय शोधत आमच्यापर्यंत आले ते वाचून, मी एकेक शब्द टाकत केलेली. ती घालवणं म्हणजे बांधावरची जुनी झाडं तोडण्यासारखं झालं असतं.

गूगल थांबलं. फेसबुक-इन्स्टाग्रामचं थांबेना.

तिथलं जाहिरात खातं एजन्सीने त्यांच्या नावावर उघडलेलं होतं. आमचं पेज आमचं, फोटो आमचे, आंबा आमचा, पैसेही आम्ही आगाऊ पाठवायचो, पण खातं त्यांचं. मला फक्त बघायची परवानगी होती. फेसबुकचं जाहिराती सांभाळायचं पान, अ‍ॅड्स मॅनेजर, उघडलं की कॅम्पेनसमोरचं चालू-बंदचं बटण दिसायचं, पण ते फिकट, दाबलं तरी हलायचं नाही. मार्चमध्ये खातं लावताना मी हे विचारलंच नव्हतं. जाहिराती छान चालल्या होत्या, ऑर्डरी येत होत्या, त्यामुळे खातं कोणाचं हा प्रश्नच मनात आला नाही.

एजन्सीतल्या मुलाला फोन लावला, बंद. संध्याकाळी मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, "ताई, मी लग्नाला गावी आहे, लॅपटॉप नाहीये. सोमवारी करतो." सोमवार म्हणजे २६ तारीख, अजून तीन दिवस. मी लिहिलं की मोबाइलवरूनही बंद करता येतं, माझ्याकडे आंबा नाही, लोक पैसे पाठवतायत. त्यावर काहीच आलं नाही.

मधल्या काळात जे माझ्या हातात होतं ते सगळं केलं. वेबसाइटवरचं ऑर्डरचं बटण काढून तिथे 'या हंगामाची विक्री बंद' असं लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश असतो, तो बदलला: "नमस्कार, पावसामुळे यंदाची विक्री २२ मे रोजी थांबवली आहे. कृपया पैसे पाठवू नयेत." कॅटलॉगमधल्या पेट्या लपवल्या. इन्स्टाग्रामवर वर पिन केलेली 'ऑर्डर सुरू' ही पोस्ट खाली उतरवली. ही कामं लहान वाटतात, पण जाहिरात थांबवता येत नसेल तेव्हा माणसाला खरं कळण्याची तेवढीच जागा उरते.

तरी फोन येतच होते. पुण्याच्या एका काकूंचा फोन मला अजून आठवतो. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला हापूस हवा होता. मी सांगितलं की यंदाचा संपला. त्या म्हणाल्या, "अहो, तुमची जाहिरात आत्ता पाच मिनिटांपूर्वी बघितली मी. झाडावरून थेट घरी, असं लिहिलंय. आणि तुम्ही नाही म्हणता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खट्टू झाल्या होत्या. मला काय बोलावं सुचेना. त्यांनी वाचलेलं वाक्य मीच लिहिलेलं होतं आणि त्या दिवशी ते खरं नव्हतं. त्या फोननंतर पैसे किती फुकट गेले हा विचार मागे पडला. आपल्या नावाने कोणीतरी दर मिनिटाला नसलेला आंबा विकतंय, हे डोक्यातून जाईना.

शनिवारी, २४ तारखेला सकाळी मी एजन्सीच्या मुलाऐवजी त्यांच्या मालकांना फोन केला. ओळख नव्हती, नंबर बिलावर होता. चार वाक्यांत सगळं सांगितलं. "मॅडम, संध्याकाळपर्यंत करतो," असं म्हणाले आणि रात्री आठला खरंच कॅम्पेन बंद झालं. त्यांनी विचारलंसुद्धा, "डिलीटच करून टाकू का?" मी नको म्हटलं, नुसतं बंद ठेवा. लोकांच्या प्रतिक्रिया, कुठल्या फोटोला किती प्रतिसाद, हे सगळं तिथेच असतं, आणि डिलीट केलेलं कॅम्पेन परत आणता येत नाही.

पण रविवारी सकाळी पुन्हा नऊ मेसेज! सगळे एका रीलवरून आलेले. मी चक्रावले. मग दादाला विचारलं. त्याने आठवड्यापूर्वी झेल्याने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने) आंबे काढतानाचा एक रील स्वतःच्या फोनवरून, इन्स्टाग्राममधूनच, दिवसाला ३०० रुपये लावून दहा दिवसांसाठी बूस्ट केला होता, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला लावला होता. तो एजन्सीच्या खात्यात दिसायचा प्रश्नच नव्हता, पैसे दादाच्या कार्डावरून जात होते. त्याच पोस्टखाली जाऊन त्याने बूस्ट थांबवलं. बंद करायला बसलात तर घरातल्या प्रत्येकाला आधी विचारा की कोणी फोनवरून काही बूस्ट केलंय का. हे मी अनुभवाने सांगते. त्याच दिवशी हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोहोचल्याचं जाहीर केलं, आणि २६ ला तो मुंबईत गेला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून.

आता पैशांचं. गूगलवर रोजचं बजेट ८०० रुपये होतं, पण २१ तारखेला खर्च १,४०० च्या वर दिसत होता. आधी वाटलं काहीतरी चुकलंय. पण नियमच तसा आहे: एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, आणि पूर्ण महिन्यात तो बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. आपण महिन्याच्या मधेच थांबलो तर जास्त गेलेल्या दिवसांची भरपाई करणारे पुढचे कमी खर्चाचे दिवस उरत नाहीत. हंगामी धंद्याने हे आधीच धरून चालावं.

दुसरं, पॉज केलं म्हणजे बिल मिटलं असं होत नाही. आपोआप पैसे भरण्याच्या पद्धतीत ठरावीक रक्कम झाली की किंवा महिना संपला की वजावट होते. तोवर झालेला खर्च नंतर कापला जातो. ३१ मेला बँकेचा मेसेज आला की उद्या इतके रुपये वळते होतील. आईने तो वाचला आणि मला हाक मारली, "बंद केलंस मा गो?" तिला समजावलं की हा आधीच्या दिवसांचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशी वजावट व्हायच्या २४ तास आधी बँक कळवते, आणि १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणून हे मेसेज वाचायचेच. आणि शेवटचं बिल जाईपर्यंत कार्ड किंवा बँकेची परवानगी रद्द करायची नाही. मी ती नंतर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढली.

एजन्सीकडे मे महिन्याचे ४०,००० रुपये आगाऊ दिलेले होते. मी रोजच्या खर्चाचा तक्ता मागितला. 'किती उरले' एवढंच विचारलं असतं तर फक्त एक आकडा आला असता. तक्ता आला तेव्हा २२ ते २४ मेचा खर्च वेगळा दिसला. उरलेली रक्कम आणि त्या तीन दिवसांच्या खर्चापैकी निम्मी त्यांनी परत करायची, अशी आमची तडजोड झाली. पैसे जुलैत मिळाले. करारात एक महिन्याची नोटीस होती, म्हणून काम थांबवतोय हे फोनवर सांगून न थांबता त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवलं. नाहीतर जाहिरात बंद आणि महिन्याची फी चालू, असं झालं असतं. जाता जाता: जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तो १८ टक्के आमच्यासारख्यांना कुठेही वळता करून घेता येत नाही, सरळ खर्चात जातो. नफा मोजताना तो धरावाच लागतो.

आगाऊ पैसे दिलेले ४३ जण होते. त्या सगळ्यांना यूपीआयवरून चार दिवसांत पैसे परत केले, आणि प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. पुण्याच्या काकूंचं नाव त्या यादीत नव्हतं, त्यांनी पैसे भरलेच नव्हते. तरी त्यांनाही केला.

दिवाळीनंतर मी आमच्या नावावर नवीन जाहिरात खातं उघडलं. पूर्ण ताबा माझ्याकडे आणि दादाकडे, दोघांकडे, म्हणजे एकाला रेंज नसेल तर दुसरा आहे. एजन्सी दुसरी घेतली, आणि ती भागीदार म्हणून जोडलेली, काढून टाकता येईल अशी. जुन्या खात्यातले आकडे काही इकडे आणता आले नाहीत, तक्ते उतरवून घेतले तेवढेच. नवीन एजन्सीच्या मुलीने सांगितलं की फेसबुकच्या जाहिराती सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद राहिल्या की जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकण्याचा त्यांचा टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आठवड्यात साधारण ५० निकाल मिळेपर्यंत. आमचा धंदा वर्षात नऊ महिने बंदच, तेव्हा आम्हाला दर वर्षी हे धरूनच चालायचं आहे. मार्चचे पहिले दहा दिवस महाग पडतात आणि पडणार.

कॅम्पेन लावताना शेवटची तारीख भरायची होती. लॅपटॉप घेऊन पडवीत आले आणि बाबांना विचारलं, कुठली घालू? कलमांवर मोहोर धरला होता. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"पंधरा मे घाल," म्हणाले. "व्हया तर मगे वाडवया."