सर्वानुमते

ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले’ हे वाक्य मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा लिहिले, याची मोजदाद नाही. 2024 मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी केले, पण गावाच्या लेखी मी ‘भाऊसाहेब’च राहिलो आणि माझे वाक्यही बदलले नाही. ते बदलावे लागले, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे.

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. आमच्या गावचे मतदार साडेतेराशेच्या आसपास आहेत, म्हणजे शंभर माणसे पुरतात. ती जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. फक्त नवा विषय घेता येत नाही. गावातल्या जाणत्यांना हे पक्के ठाऊक असल्यामुळे पहिल्या सभेला ते फिरकतच नाहीत आणि आठ दिवसांनी आपली पंचवीस-तीस माणसे घेऊन येतात. हे सगळे नियमात बसते. ‘लोक येत नाहीत’ अशी तक्रार सभागृहात सर्वांत मोठ्याने करणारे तेच असतात, एवढे मात्र नमूद करायला हवे.

त्या वर्षी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या दिवशीच सर्वपित्री अमावास्या आली होती आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. शिवाय सोयाबीनची काढणी ऐन भरात होती. सात दिवस आधी नोटीस चिकटवली होती, दवंडीही दिली होती. तरीही सभा तहकूब होणार हे मी धरून चाललो होतो. खरे घडले ते आदल्या दिवशीच्या महिला सभेत.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कशी होते, ते मी लपवत नाही. बचत गटाची बैठक असते त्याच दिवशी अंगणवाडीत वही फिरते, कोऱ्या ओळींवर सह्या आणि अंगठे होतात, आणि वरचा मजकूर मी कार्यालयात बसून सवडीने लिहितो. सह्या आधी आणि मजकूर नंतर, हा आमच्या खात्यातला उलटा क्रम इतका रुळलेला आहे, की नव्याने रुजू झालेल्या पोरांनाही तो कोणी शिकवावा लागत नाही.

त्या दिवशी नऊ-दहांऐवजी तेवीस बायका आल्या होत्या आणि त्यांतल्या सतरा वरच्या वस्तीवरच्या होत्या. वही फिरत फिरत साठीच्या पुढच्या एका मावशींकडे गेली. त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, उचलला आणि तसाच हवेत धरून मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा, मंग अंगठा देते.”

वाचायला काही नव्हतेच. मी म्हणालो, “मावशी, तुम्ही बोललात ते सगळं लिहिणार आहे.” त्या म्हणाल्या, “मंग लिहा की. मी बसते.” त्यांनी अंगठा पदराला पुसला नाही, शाई वाळेपर्यंत तो तसाच पुढे धरून त्या बसून राहिल्या. मी वही मांडीवर घेतली आणि सवयीने लिहिले, की विविध विषयांवर चर्चा होऊन सर्व विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आले. वाचून दाखवले. मावशींनी विचारले, “आमची पाइपलाइन कुठंय यात?”

पाइपलाइनचा विषय असा होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित असे. त्यातला निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पाण्यावरच खर्चावा लागे. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पाण्याच्या हिश्श्यातून चौकात पाणी शुद्ध करणारे आरओचे यंत्र बसवावे, असे सरपंच आणि बहुतेक सदस्यांच्या मनात होते. आरओला शेड असते, पाटी असते, फीत कापता येते. जमिनीत गाडलेल्या जलवाहिनीवर मात्र कोणाचे नाव घालता येत नाही. वरच्या वस्तीला हवी होती ती टाकीपासून निघणारी, 63 मिलिमीटर व्यासाची स्वतंत्र वाहिनी, कारण खालच्या सगळ्या गल्ल्या भरल्याशिवाय त्यांच्या नळाला धार लागत नव्हती.

प्रोसिडिंगच्या, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीच्या पानांना आधीच क्रमांक घातलेले असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. मी ते वाक्य एका रेघेने खोडले, शेजारी लहान सही केली आणि पाइपलाइनचा ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह लिहून काढला. मग तो वाचून दाखवला. मावशींनी पॅडवर पुन्हा अंगठा टेकवला आणि तो कागदावर दाबून उमटवला.

महिला सभेचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवणे आले, आणि तो कागदावर नावानिशी असल्यामुळे मला तो गाळता येईना. दुसऱ्या दिवशी सभा ठरल्याप्रमाणे तहकूब झाली. 9 ऑक्टोबरच्या सभेला मात्र वस्तीवरची माणसे काढणी सोडून आली. खालूनही माणसे आणली गेली. दोन्ही बाजू एकेक तास बोलल्या आणि शेवटी कोणीतरी ओरडले, “हात वर करून घ्या.”

ठराव मंजूर, इतके म्हणणे सोपे असते. हात मोजणे किती अवघड असते, हे मला त्या दिवशी कळले. काहींनी दोन्ही वेळा हात वर केले. एक गृहस्थ बायकोचा म्हणून दुसराही हात वर करून उभे होते, आणि त्या बाई ओसरीवर बसून मान हलवत होत्या. दोन मुले अठराच्या आतली निघाली. अखेर मी मतदार यादी मागवली, दोन बाजूंना दोन रांगा करायला लावल्या आणि एकेक नावापुढे टिंब दिले. हजर 83, पाइपलाइनच्या बाजूने 47, आरओच्या बाजूने 29 आणि कुठल्याच रांगेत न गेलेले सात. मी ‘बहुमताने मंजूर’ असे आकड्यांसह लिहिले आणि तिथेच सर्वांसमोर वाचले. सरपंचांनी लगेच सही केली नाही. तीन दिवसांनी केली, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. ती टाळायला सबबी पुष्कळ होत्या. लगोलग 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळेच महिनाभर थंडावले.

वरच्या कार्यालयात एका साहेबांनी ठराव वाचून मला विचारले, “सर्वानुमते लिहायचं सोडून हे आकडे कशाला? उद्या कोणी तक्रार केली तर?” आकडे खरे आहेत, असे मी म्हटल्यावर ते हसले. खरेपणामुळे फाइल अडते, ही त्यांची समजूत अनुभवातूनच आलेली असावी, त्यामुळे मी वाद घातला नाही.

इथपर्यंत ही हकिकत सांगायला मला बरी वाटते. पुढची तशी नाही.

उन्हाळ्यात वाहिनी पडली आणि वस्तीच्या नळांना पाणी आले. त्याच आठवड्यात खालच्या गल्लीचे पाणी तासावरून चाळीस मिनिटांवर आले. आमचा पाणी सोडणारा कर्मचारी मला शांतपणे म्हणाला, “वरचा वॉल्व्ह तीन फेरे उघडला की खालचा दाब पडणारच. टाकी तीच हाय, मोटर तीच हाय.” हे त्याला आधीपासून माहीत होते. 9 तारखेला तो सभागृहाच्या दाराला टेकून उभा होता. पंचायतीचा नोकर म्हणून तो बोलला नाही, आणि गावाच्या पाण्यातले सर्वांत जास्त ज्याला कळते त्याला मीही विचारले नाही. मी नावांपुढे टिंबे देत होतो.

सह्या आधी घेऊन सर्वानुमते लिहिले असते, तर कदाचित सरपंचांनी दोन्हीकडच्या चार माणसांना घरी बोलावून काही मधला मार्ग काढला असता. पूर्वी असे होत असे आणि पुष्कळदा निभावूनही जात असे. पण त्या चार माणसांत वरच्या वस्तीवरचे कोणी असते का, हे आठवून पाहिले की मी तिथेच अडतो. ज्यांनी आरओच्या रांगेत नाव दिले होते, त्यांतले बहुतेक पुढच्या 26 जानेवारीच्या सभेला आले नाहीत आणि ती सभाही तहकूब करावी लागली.

परवा खालच्या गल्लीतल्या तिघी कार्यालयात आल्या. पाणी कमी करायचे ठरले, तेव्हा आमच्यापैकी कोण हजर होते, असे त्यांनी विचारले. पाणी कमी करायचे कोणी ठरवले नव्हते, असे मी सांगणार होतो, पण सांगितले नाही. कपाटातून वही काढली आणि 1 ऑक्टोबरचे पान उघडून तेवीस नावे एकेक करून वाचली. खालच्या गल्लीतले एकही नाव त्यात निघाले नाही. त्यांतली एक म्हणाली, “त्या दिवशी आम्ही सोयाबीनला गेलो होतो, भाऊसाहेब,” आणि पुढची महिला सभा किती तारखेला आहे, ते तिने विचारून घेतले.