"एफ1 दाबा म्हणतं, म्हणून दाबतो"

2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गेला. पंपरूमची भिंत झिरपत होतीच, त्या रात्री पाणी थेट मशीनवर. वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस सेंटरात टोकन घेऊन दीड तास बसले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, मॅडम. पार्ट मागवावा लागेल. आणि डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा." कधी येईल विचारलं तर "फोन येईल."

मी खजिनदार. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी हिशेब ऑडिटरच्या हातात हवेत. हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्याने करून दिलं होतं त्याने धंदाच गुंडाळला, सीडी कोणाकडे नाही. म्हणजे दुसरं मशीन आणून नव्याने सगळं टाकायची सोयच नव्हती. सुदैवाने मे महिन्यात मी क्लोनझिला या डिस्कची नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवली होती, आणि हिशेबाच्या फाइली दर शनिवारी पेनड्राइव्हवर जात होत्या. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला ही खोड असतेच.

ऑफिसच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर होता, 2009 चा, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, चार जीबी रॅम. ही इमेज त्याच्यावर उतरवायची, एवढंच काम. नौपाड्यातल्या दोन दुकानांत विचारलं. दोघांचं उत्तर एकच, "ताई, फॉरमॅट मारावं लागेल." इमेज म्हणजे काय हेही एकाने विचारलं नाही. छातीत दुखतंय म्हणून गेलं तरी हे लोक फॉरमॅटच मारतील.

ऐरोलीला नोकरी करणारा माझा भाचा फोनवर होता, पण रात्री अकरानंतरच. नवी 500 जीबीची एसएसडी लावून इमेज उतरवली. गेलेल्या मशीनची डिस्क 256 ची होती. नवी निदान तेवढीच किंवा मोठी लागते, छोटी घेतली तर क्लोनझिला सरळ नाही म्हणतं. उतरायला एक तास चाळीस मिनिटं लागली, कारण जुन्या मशीनचे सगळे पोर्ट यूएसबी 2.0 चे.

पहिला अडथळा तसा लवकर सुटला. स्क्रीन काळी, कोपऱ्यात रेघ लुकलुकतेय. गेलेलं मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने चालू व्हायचं आणि त्याच्या डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारची होती, जुन्याला फक्त साधं बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि एमबीआर ही जुनी मांडणी कळते. एमबीआरचं जीपीटी करून द्यायला विंडोजमध्येच सोय आहे, उलटं करायला मात्र डिस्क रिकामी करा म्हणतं. भाच्याने लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीडिस्क या प्रोग्रॅमने ते करून घेतलं, विंडोजचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलं, मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही विंडोज सुरू करणाऱ्या फाइली नव्याने लिहिणारी कमांड चालवली. त्यात शेवटी "बायोस" असं मुद्दाम सांगावं लागतं.

आणि मग विंडोजचं निशाण दिसलं, ठिपके दोनदा गोल फिरले आणि निळा पडदा. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

पुढचे आठ दिवस मी या तीन शब्दांत अडकले होते. ज्या डिस्कवरून विंडोज निम्मं चालू झालं, तीच डिस्क त्याला दिसत नाही म्हणे! भाच्याने समजावलं ते असं. सुरुवातीचा भाग बायोसच्या मदतीने वाचला जातो. त्यानंतर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, घेऊन डिस्ककडे जातं. गेलेल्या मशीनमध्ये डिस्क रेड मोडमध्ये (डिस्कशी बोलायच्या पद्धतींपैकी एक) होती, त्यामुळे विंडोजने बाकीचे ड्रायव्हर सुरुवातीला लागत नाहीत म्हणून बाजूला ठेवले होते. आता मशीन बदललं, कुलूप बदललं, आणि याच्या हातात जुनीच किल्ली. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये साटा मोड (तीच डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई या जुन्या प्रकारचा होता, तो एएचसीआय या नव्या प्रकारचा केला. तरी निळा पडदा, कारण ती किल्लीही बाजूलाच ठेवलेली.

उपाय निघाला सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीसाठी विंडोज चालू करायची पद्धत. त्यात विंडोज डिस्कचे सगळे ड्रायव्हर लावून बघतं आणि जो लागू पडतो तो पुढच्या वेळेसाठी धरून ठेवतं. पण विंडोज 10 मध्ये एफ8 दाबून सेफ मोड येत नाही, ती सोय मुळातच बंद असते. मी वीस वेळा तरी दाबलं असेल. शेवटी विंडोजच्याच पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या कमांडने सेफबूट, म्हणजे सेफ मोडमध्येच चालू व्हायची खूण, लावलं, आणि उघडलं! फक्त तिथे माझा पिन चालेना, पासवर्ड मागत होतं. पासवर्ड डायरीत, डायरी घरी, पाऊस धो धो. छत्री घेऊन गेले आणि आले. काम झाल्यावर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधली सेफबूटची खूण काढायला विसरू नका, नाहीतर दर वेळी सेफ मोडच येतो.

शुक्रवारी रात्री साडेबाराला बिलाचा नमुना छापून निघाला. आमच्या ह्यांना फोन करून उठवलं आणि सांगितलं.

शनिवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन. "अहो, निळं निळं आलंय."

मी गेले, बघितलं, तोच मजकूर. इमेज नीट उतरली नसेल म्हणून परत उतरवली, एक तास चाळीस मिनिटं. पुन्हा जीडिस्क, पुन्हा बीसीडीबूट, या वेळी सेफ मोडही लावला. भाच्याने बायोसही बघायला सांगितलं. साटा मोड आयडीई दिसला, म्हटलं परवा सेव्ह न करता बाहेर पडले असेन. एएचसीआय केला. चाललं. रविवारी सकाळी पुन्हा निळं. एसएसडीच सदोष म्हणून दुकानात जाऊन बदलून आणली, तो दुकानदारही म्हणालाच, "फॉरमॅट मारून बघा ना एकदा." तिसऱ्यांदा उतरवली. रात्री चालतं, सकाळी नाही. बाधा झाल्यासारखं. चेअरमनसाहेब म्हणाले, नारळ फोडा.

मंगळवारी सकाळी मी सेक्रेटरींच्या शेजारीच बसले. म्हटलं, तुम्ही रोज करता तसं करा, मी फक्त बघते. त्यांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या आणि मी वाचायच्या आत त्यांनी शांतपणे एक कळ दाबली.

"काय दाबलंत?"

"एफ1. रोज एफ1 दाबा म्हणतं, म्हणून दाबतो."

बंद करून परत चालू केलं तर त्या ओळी आल्याच नाहीत. मग मागची वायर काढली, पाच मिनिटांनी लावली. सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. म्हणजे बायोस आपल्या सेटिंग विसरून मूळ सेटिंगवर गेलं होतं. बायोसमध्ये गेले तर तारीख 1 जानेवारी 2009, आणि साटा मोड परत आयडीई.

मदरबोर्डवरचा, वीज नसताना बायोसच्या सेटिंग जपणारा सेल मेला होता. आमचा वॉचमन रात्री ऑफिसचा मेन स्विच बंद करतो, मीच सांगितलंय तसं, वीज वाचते म्हणून. वीज गेली की बायोस सगळं विसरायचं, मोड आयडीई व्हायचा, आणि एएचसीआयची किल्ली घेऊन बसलेलं विंडोज दारातच कोसळायचं. इमेज पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती.

गोखले रोडवर घड्याळवाल्याकडे सीआर2032 मिळाला, चाळीस रुपये. हा आकडा म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड, हे त्यानेच सांगितलं. या सगळ्या प्रकरणात न विचारता काही उपयोगाचं सांगणारा तो एकटा. बसवताना छापलेली बाजू वर. जुनं मशीन माळ्यावरून काढलं की बाकी काही करायच्या आधी हा सेल बदला, आणि बायोसच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पुढचं कटकटीविना झालं. स्क्रीनचा आणि नेटवर्कचा ड्रायव्हर टाकला, शनिवारच्या पेनड्राइव्हवरून हिशेब आणले. विंडोजचं लायसन्स आम्ही वेगळं विकत घेतलेलं होतं म्हणून नव्या जागी चालू करता आलं. मशीनबरोबर आलेलं असेल तर ते त्या मदरबोर्डशीच बांधलेलं असतं, हे आधी तपासा. ऑक्टोबरात विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि या मशीनवर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही म्हणून 11 अधिकृतपणे चढत नाही, तेव्हापासून नेटची वायर काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. बिलं छापायला नेट लागत नाही.

सभा 21 सप्टेंबरला झाली. हिशेब मंजूर झाले, पार्किंगवरून भांडण झालं. सर्व्हिस सेंटरचा फोन अजून आलेला नाही, टोकनची पावती मी फाइलला लावून ठेवली आहे.