तुम्ही विचारायला आलात की सांगायला?

पवनचक्क्या उभ्या राहण्याआधी गावात जाऊन लोकांचं म्हणणं टिपून आणायचं, हे माझं काम. त्या गावात घरोघर फिरून फॉर्म भरून घेतले होते. 'पवनऊर्जा हवी का?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'हो' म्हटलं होतं. त्या 'हो'च्या जोरावर आम्ही बैठकीला गेलो.

भिंतीवर टेकडीचा नकाशा लावला. त्यावर सहा लाल ठिपके. पाच मिनिटांत कुजबुज वाढली, दहाव्या मिनिटाला आरडाओरडा. आमचे इंजिनिअर डेसिबल समजावू लागले. माझ्याकडेही आवाज, सावली, पक्षी अशी उत्तरं तयार होती, पाठच म्हणा ना. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले.

"आवाजाचं कोण विचारतंय? हे ठिपके कुणी काढले?"

"तज्ज्ञांनी," मी म्हणालो.

"मग आम्हाला कशाला बोलावलंत? तुम्ही विचारायला आलात की सांगायला?"

खरं उत्तर 'सांगायला' हेच होतं. मी गप्प बसलो. मागून एक बाई म्हणाल्या, "बाहेरून परत येताना आधी ही टेकडी दिसते. ती दिसली की वाटतं, आलं घर." इंजिनिअरनी वहीत 'दृश्यपरिणाम' असा शब्द लिहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीची त्या शब्दात काय वाट लागली! माझ्या फॉर्ममध्ये मात्र तेवढाही शब्द नव्हता. मी पवनऊर्जेबद्दल विचारलं होतं, या टेकडीबद्दल नाही.

मग मी दिवसातली सगळ्यात मोठी चूक केली. वातावरण निवळावं म्हणून गावासाठी ठेवलेल्या निधीची घोषणा तिथेच करून टाकली. सगळे एकदम शांत झाले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "बघा, आता भाव ठरवायला लागले."

हे मला माहीत असायला हवं होतं. स्वित्झर्लंडमध्ये 1993 साली अणुकचऱ्याच्या साठ्यासाठी लोकांना सर्वेक्षणात विचारलं, तेव्हा 50.8 टक्के तयार होते. भरपाई देऊ केल्यावर ते 24.6 टक्क्यांवर आले. कर्तव्य म्हणून होकार देणाऱ्या माणसासमोर पैसे ठेवले की त्याला वाटतं, आपल्याला विकत घेतायत. अणुकचरा आणि पवनचक्की एक नव्हे, पण त्या खोलीतले चेहरे तेच सांगत होते.

शेवटी मी नकाशा उतरवला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं. बराच वेळ कोणी हललं नाही. मग आजोबांनी टेकडीची धार काढली. पावसात कुठला कडा खचतो, ते दाखवलं. आमचा एक लाल ठिपका नेमका तिथेच होता. इंजिनिअर पहिल्यांदाच खाली वाकून बघू लागले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तरी आवाजाच्या तक्रारी येणारच." मी त्यांना नेदरलँड्समधल्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं सांगितलं. पवनचक्क्यांपासून ज्यांना आर्थिक फायदा होता, त्यांना आवाज इतरांइतकाच ऐकू येऊनही त्रास जवळजवळ वाटत नव्हता.

"म्हणजे शेवटी पैसाच ना?"

मला ते पटलं नाही. आम्ही पैसे वाटायला निघालो होतो. स्वतःच्या जमिनीवर, स्वतः ठरवून घेतलेला वाटा वेगळा. पण तेव्हा मला हे नीट मांडता आलं नाही, आणि त्यांनी गाणी लावली.

दोन ठिपके पुढे सरकले, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. महिनाभराने पलीकडच्या वस्तीतून फोन आला. "गावाला विचारलंत म्हणे. आम्हाला कधी विचारणार?"