ठेवणीतली गाडी

जुनी, जपलेली गाडी विकायची तर जाहिरातीत काय काय केलं नाही हे आधी सांगावं लागतं. रंग मारलेला नाही. सीट बदललेल्या नाहीत. इंजिन बदललेलं नाही. पावसात काढलेली नाही. आपल्याकडे गाडी विकताना ‘नवे टायर, नवी बॅटरी, नुकताच पेंट’ असं कौतुकानं सांगतात. या लोकांसमोर ‘नुकताच पेंट’ म्हटलं की गिऱ्हाईक फोन ठेवतं.

हे लोक म्हणजे आमच्या मिशिगनमधले, डेट्रॉइटच्या उत्तरेकडचे. इथे आलेली निम्मीअधिक मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात नोकरीला, त्यामुळे गाडी म्हणजे आम्हाला ऑफिसचं काम. शेजारच्या आजोबांची गाडी मात्र कुठल्याच कामाची नव्हती. 1967 ची शेवरोले कॉर्व्हेट, स्टिंग रे कूपे, गडद हिरवी. पुढच्या चाकामागे पाच तिरक्या फटी. आदल्या दोन वर्षांच्या गाड्यांना तीनच, त्यामुळे जाणकार माणूस रस्त्यापलीकडूनही साल सांगतो. हेडलाइट नाकात लपलेले, बटण दाबलं की गर्रकन फिरून बाहेर येणारे. आणि डिकीला बाहेरून झाकणच नाही! बॅग ठेवायची तर सीटच्या मागून आत ढकलायची. दोन माणसं बसणार, तिसऱ्यानं घरी थांबायचं.

माझी आई नाशिकहून आली होती तेव्हा तिनं ती पाहिली. “अरे, पावसात काढत नाहीत, थंडीत काढत नाहीत, मग घेतली कशाला?”

“ठेवणीतली आहे,” मी म्हटलं. तिला लगेच पटलं. कपाटातल्या पैठणीशी तिचाही असाच व्यवहार आहे. “मग डांबरगोळ्या ठेवतात का?” तिनं विचारलं. ठेवतात! थंडीभर गाडी गॅरेजात उभी असते तेव्हा उंदीर वायरी आणि सीट कुरतडतात, म्हणून.

थंडीत काढत नाहीत त्याचं कारण मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर ते ओतलं जातं. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, तेव्हा तुटवडा कसला. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, तिला गंज चढत नाही. पण खालची चासी आणि पुढच्या काचेभोवतीचा सांगाडा लोखंडी. वरून गाडी झकास दिसते आणि आतून पोखरलेली निघते. शिवाय आजोबांकडे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट होती. ती घेतली की गाडी संमेलनं, मिरवणुका, प्रदर्शनं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. अपवाद ऑगस्ट महिन्याचा. ऑगस्टभर मनसोक्त फिरायला मिशिगनच्या कायद्यानं मुभा आहे. त्याच महिन्यात तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. आजोबांची गाडी आम्हाला दिसायची ती तेवढीच.

विकायला काढली तेव्हा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, छान उन्हात समोरून, बाजूनं असे दहाबारा फोटो पुरतील. आजोबांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “हा घे.” इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडला लागून, एक अरुंद सपाट पट्टी. त्यावर ठोकलेले आकडे: काही इंजिनचे, काही गाडीच्या चासी नंबरातले. ते गाडीशी जुळले तर इंजिन जन्मापासूनचं. पण आकडे काय, कुणीही ठोकेल. म्हणून खरं गिऱ्हाईक त्यांच्याखालच्या रेघा बघतं, कारखान्यात ती पट्टी तासताना उठलेल्या, केसाइतक्या बारीक, समांतर. बनावट आकडे घालणारा आधी जुने घासून काढतो, त्यात रेघा जातात. त्या रेघा फोटोत दिसाव्यात म्हणून मी बॅटरीचा उजेड तिरका पाडत अर्धी दुपार वाकून उभा होतो. मग पेट्रोलच्या टाकीवरचा कागद. कारखान्यात चिकटवलेला, कुठला रंग, कुठलं इंजिन, काय काय बसवलं त्याची यादी. तो टाकीच्या वरच्या अंगाला असतो, म्हणजे टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही. आजोबांनी उतरवली होती!

एवढं सगळं गाडी चाललीच नाही हे सिद्ध करायला. मला हे जरा उफराटंच वाटतं. 1953 मध्ये मिशिगनमधल्याच फ्लिंटला पहिल्या 300 कॉर्व्हेट बनल्या, सगळ्या पांढऱ्या. दिसायला स्पोर्ट्स कार, पण इंजिन साधं सहा सिलिंडरचं. तिला पळती केली झोरा आर्कुस-डंटोव्ह या इंजिनिअरनं. 1963 च्या कूपेला मागच्या काचेच्या मधोमध एक पट्टी होती. चालवणाऱ्याला मागचं नीट दिसत नाही म्हणून डंटोव्ह तिच्या विरोधात होता, डिझाइनवाल्यांचा प्रमुख बिल मिचेल अडून बसला. पुढच्या वर्षी पट्टी गेली. आज त्या पट्टीच्या गाडीलाच जास्त भाव आहे. कुणी चालवत नसेल तर मागचं दिसलं काय नि न दिसलं काय!

गिऱ्हाईक ओहायोहून आलं. हातात आरसा आणि टॉर्च. तासभर तो माणूस गाडीखालीच होता. रंगाला पडलेले बारीक तडे पाहून खूष झाला. डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र चालू होतं, त्याचा चेहरा पडला. या गाड्यांची घड्याळं बंद पडण्यासाठीच प्रसिद्ध. आजोबांनी केव्हातरी आत क्वार्ट्झचं यंत्र बसवून घेतलं होतं. पण मूळ बंद यंत्र त्यांनी डब्यात जपून ठेवलं होतं. ते दाखवल्यावर पुन्हा हसू. किमतीची घासाघीस फारशी झालीच नाही. आजोबांनी टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही करून ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. इथे नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते, ती आजोबांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली.

गाडी न्यायला बंद ट्रेलर आणला होता. गिऱ्हाइकानं मैलांच्या आकड्याचा एक फोटो काढला, गॅरेजातून ट्रेलरपर्यंत गाडी चालवत नेली, वर चढवली आणि पुन्हा एक फोटो काढला.

“वीसेक फूट चालली,” आजोबा म्हणाले. “थोडे पैसे परत देऊ का?”